आगाखान पॅलेसमधल्या डॉक्टरांचं बोलणं आणि माझी एक चुकलेली बातमी

दरवर्षी २२ फेब्रुवारी जवळ आली की तो मेसेज मोबाईलवर येतोच. आमच्या कारंजा (घाडगे) मधल्या तीन ग्रुपवर तरी यंदा आला. "गांधींनी कस्तुरबांना पेनिसिलिन दिलं नाही, स्वतः मात्र मलेरियात क्विनाईन घेतलं." खाली शंभरेक प्रतिक्रिया. अर्धे शिव्या देणारे, अर्धे गांधींच्या बाजूने भांडणारे. मी त्या भांडणात पडत नाही. दोन्ही गोष्टी घडलेल्या आहेत, त्या नाकारायचं कारण नाही. पण त्या खोलीत आणखी काही माणसं होती, त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. डॉक्टर होते, एक वैद्य होते. त्यांचं आपसातलं बोलणं कसं झालं असेल, हा प्रश्न मला गेली काही वर्षं सोडत नाही. का सोडत नाही, ते पुढे सांगतो. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे.

आधी पॅलेस.

९ ऑगस्ट १९४२ ला गांधींना मुंबईत पकडलं आणि पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं. कस्तुरबांनाही लगेच पकडून तिथंच आणलं. सोबत डॉ. सुशीला नायर. या प्यारेलालांच्या धाकट्या बहीण, दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजात शिकलेल्या, जन्म डिसेंबर १९१४ चा. म्हणजे तेव्हा सत्तावीस वर्षांची पोरगी. कैदेत आल्यावर आठवडाभरही झाला नाही तोच १५ ऑगस्टला महादेवभाई देसाई हृदयविकारानं गेले. हाताशी डॉक्टर ही एकटीच. ज्यांच्या मांडीवर आपण वाढलो त्यांच्याच घरातला माणूस आपल्या हातात जातो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच घरात पुन्हा डॉक्टर म्हणून उभं राहायचं.

पुढे फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधींचा २१ दिवसांचा उपवास झाला. तेव्हा मुंबईचे नामांकित हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एम. डी. डी. गिल्डर तिथं आले. तेही त्याच चळवळीतले कैदी, येरवड्याहून इथं हलवलेले. हे गिल्डर १९३७ च्या मुंबई प्रांताच्या मंत्रिमंडळात आरोग्यमंत्री राहिलेले. कलकत्त्याहून डॉ. बिधनचंद्र रॉय आले. आणि सरकारच्या बाजूचे सर्जन जनरल कँडी, तुरुंग खात्याचे कर्नल भंडारी वगैरे. आता बघा, एकाच पेशंटच्या उशाशी सरकारचे डॉक्टर आणि सरकारचे कैदी असलेले डॉक्टर! तरी उपवासाच्या काळात तब्येतीची जी पत्रकं बाहेर गेली, ती या सगळ्यांच्या एकत्र सह्यांनी गेली. एकीकडे साम्राज्य, दुसरीकडे चलेजाव. पण नाडी किती, लघवी किती, अशक्तपणा किती यावर एकमत करून रोज एका कागदावर सही करायची. आमच्याकडे दोन डॉक्टर एका केसपेपरवर सही करायला तयार नसतात, म्हणून मला याचं अप्रूप जास्त.

मग कस्तुरबांचं आजारपण. जुना ब्राँकायटिस, आणि १९४३ च्या डिसेंबरपासून हृदयाचं दुखणं वाढत गेलं. उपचार गिल्डर आणि सुशीलाबाई करत होते. पण कस्तुरबांना वैद्याचं औषध हवं होतं. त्यांनी ते पुन्हा पुन्हा मागितलं. निसर्गोपचाराचे डॉ. दिनशा मेहता हवे होते. फेब्रुवारीत लाहोरचे पंडित शिव शर्मा वैद्य आले.

इथं जरा थांबा. ज्यांच्या हातात पेशंट आहे असे दोन शिकलेले डॉक्टर. एक तर हृदयरोगात मुंबईत पहिल्या रांगेतले. पेशंट म्हणते, मला तुमचं औषध नको, वैद्याचं द्या. आपल्याकडे यावर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. "मग घेऊन जा पेशंट, इथं सही करा." पॅलेसमध्ये तसं झालं नाही. दोघं डॉक्टर बाजूला झाले, वैद्यांना त्यांच्या पद्धतीनं करू दिलं, आणि स्वतः तिथंच राहिले. सेवा चालूच.

त्रास दिला तो सरकारनं. वैद्यांना रात्री पॅलेसच्या आत राहायची परवानगी नाही. रात्री पेशंटचं काही बिनसलं तर तुरुंगाच्या अधिकाऱ्यांना उठवा, फाटक उघडवा, मग वैद्य आत. म्हणून शिव शर्मा फाटकाबाहेर मोटारीत झोपले. एवढे मोठे वैद्य, रात्रीमागून रात्र मोटारीत! गांधींनी यावर सरकारला जी पत्रं लिहिली ती छापील उपलब्ध आहेत. जरूर वाचा. पेशंटजवळ योग्य माणूस योग्य वेळी पोचावा एवढ्या साध्या मागणीसाठी माणसाला किती कागद लिहावे लागतात, ते कळतं. (सरकार बदललं. कागद तेवढेच राहिले.)

आणि मग १८ फेब्रुवारी. मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते. वैद्यांनी स्वतः होऊन सांगितलं की माझ्याकडचं जे होतं ते करून झालं, गुण येत नाही, आता डॉक्टरांनी पुन्हा हाती घ्यावं. गिल्डर आणि सुशीलाबाईंनी हाती घेतलं. "आधीच सांगत होतो" असं कुणी म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही. सहकाऱ्याला "माझ्यानं होत नाही, तू बघ" म्हणणं हे दवाखान्यातलं सगळ्यात अवघड वाक्य असावं. पॅथी वेगळी असेल तर त्याहून अवघड.

राहिलं पेनिसिलिन. तेव्हा ते नवं, दुर्मीळ, बहुतेक लष्कराच्या ताब्यात. धाकटे चिरंजीव देवदास यांच्या आग्रहानं ते कलकत्त्याहून विमानानं आलं. गांधींना जेव्हा कळलं की हे दर काही तासांनी सुईनं टोचायचं आहे, तेव्हा त्यांनी नको म्हटलं. अखेरच्या घडीला तिला यातना नकोत, असं त्यांचं म्हणणं. मुलगा वाद घालत होता. डॉक्टरांनाही या औषधानं त्या वाचतीलच अशी छातीठोक खात्री देता येत नव्हती. २२ फेब्रुवारी १९४४, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी कस्तुरबा गेल्या.

सुशीलाबाई तेव्हा २९ वर्षांच्या. समोर नवरा, जो स्वतः त्यांचा गुरू. समोर मुलगा. शेजारी वयानं आणि ज्ञानानं मोठे गिल्डर. बाहेर सरकारी डॉक्टर. त्यांनी पुढे 'बापू की कारावास-कहानी' लिहिली, कस्तुरबांच्या आठवणीही लिहिल्या. काही झाकून ठेवलं नाही. म्हणून तर आज व्हॉट्सॲपवाल्यांना शिव्या द्यायला मजकूर मिळतो! पेनिसिलिनचा निर्णय बरोबर की चूक, हे मी ठरवत नाही. माझं मत विचाराल तर मुलाचं म्हणणं मला पटतं, टोचून बघायला हवं होतं. पण त्या खोलीत प्रत्येकाला काय वाटतं ते बोललं गेलं, ऐकलं गेलं, आणि नंतर लिहून ठेवलं गेलं.

सुटकेनंतर याच बाईंनी आपल्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला, कस्तुरबांच्या नावानं दवाखाना सुरू केला. बिर्लांच्या अतिथीगृहात, बायका आणि मुलांसाठी. १९६९ ला त्याच्याभोवती महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली. मधल्या काळात, १९६२ ते ६७, त्या देशाच्या आरोग्यमंत्री होत्या. आज कारंजाहून, आर्वीहून, आष्टीहून "सेवाग्रामला न्या" असं सांगितलं जातं, ते याच घराण्याचं रुग्णालय.

आता दुसरी गोष्ट, बेचाळीस वर्षांनंतरची आणि उलटी.

१९८६ चा जानेवारी-फेब्रुवारी, मुंबईचं जे. जे. रुग्णालय. मेंदूतला, डोळ्यातला दाब कमी करायला ग्लिसरॉल देतात. त्या ग्लिसरॉलमध्ये कारखान्यात वापरतात ते डायएथिलिन ग्लायकोल मिसळलेलं निघालं. विषच ते, किडनी निकामी करतं. १४ माणसं गेली. न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला, त्यांनी मंत्र्यांपासून अन्न व औषध प्रशासनापर्यंत आणि रुग्णालयाच्या कारभारापर्यंत सगळ्यांची सालटी काढली. आरोग्यमंत्री भाई सावंत यांना जावं लागलं. पत्रकारितेच्या पदविकेला असताना आमच्या सरांनी लेंटिन आयोगावर एक अख्खा तास घेतला होता. आम्ही वहीत लिहिलं: भ्रष्टाचार, भेसळ, मंत्री. पेपरात तेवढंच येईल म्हणून तेवढंच लिहिलं.

मला आज त्यातली दुसरीच गोष्ट दिसते. १४ माणसं एका रात्रीत गेली नाहीत. जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जात राहिली. पेशंट आधीच गंभीर, त्यामुळे प्रत्येक मृत्यूला काही ना काही कारण लावता येत होतं. पण लघवी बंद होतेय, हे कुणाला तरी आधी दिसलं असणार. कुणाला? लघवीची पिशवी कोण रिकामी करतं? मोजून तक्त्यात कोण लिहितं? सिस्टर. आयाबाई. वॉर्डबॉय. ज्यांना दिसतं त्यांना विचारायची पद्धत नाही. आणि ज्यांना विचारतात ते पिशवी बघत नाहीत.

हे फक्त दवाखान्यात होतं असं नाही. २७ मार्च १९७७, टेनेरिफ बेट, धुकं. दोन जम्बो विमानं एकाच धावपट्टीवर. डच विमानाचा कॅप्टन म्हणजे कंपनीतला सगळ्यात ज्येष्ठ, इतरांना शिकवणारा. त्यानं विमान पळवायला सुरुवात केली. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली की समोरचं विमान अजून पट्टीवरच आहे. त्यानं विचारलं. विचारलं, प्रश्नाच्या रूपात. कॅप्टननं ठामपणे उडवून लावलं. काही सेकंदांत ५८३ माणसं गेली. त्यानंतर विमानवाल्यांनी आपल्या लोकांना बोलायला शिकवायला सुरुवात केली: खालच्यानं वरच्याला कसं सांगायचं, आणि वरच्यानं कसं ऐकायचं. डॉक्टरांकडे हे यायला आणखी पंचवीस-तीस वर्षं लागली. २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं शस्त्रक्रियेची एक यादी काढली. दिल्लीसह जगातल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तर मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ वर आले. त्या यादीत एक ओळ अशी आहे की चाकू लावायच्या आधी खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं. मला आधी हसू आलं. मग वाटलं, आपल्याकडे ओटीत उभ्या असलेल्या बाईला नाव असतं का? ती "सिस्टर" असते. झाडणारी "मावशी" असते. नातं जोडलेलं, नाव गायब. ज्याचं नाव कधी घेतलं नाही, तो मधेच "सर, थांबा" कसं म्हणेल?

आता माझी गोष्ट.

साल २०११. गाव सांगत नाही, रुग्णालय सांगत नाही. एका बाळंतिणीला प्रसूतीनंतर रक्तस्राव झाला, मोठ्या दवाखान्यात नेताना अँब्युलन्समध्येच ती गेली. बाळ वाचलं. सकाळी नातेवाईकांनी गोंधळ घातला, मी पोचलो. नातेवाइकांशी बोललो, एका पुढाऱ्याशी बोललो, डॉक्टरांशी पाच मिनिटं बोललो. रात्रपाळीची सिस्टर घरी गेली होती. तिच्याशी बोललो नाही. संध्याकाळी साडेसहाला मजकूर पाठवायचा असतो. दुसऱ्या दिवशी चार कॉलमात बातमी: परिचारिकेच्या हलगर्जीपणामुळे बाळंतिणीचा मृत्यू. बातमी गाजली. सिस्टरची बदली झाली, चौकशी लागली. मला वाटलं आपण न्याय मिळवून दिला. खोटं कशाला बोलू, ते कात्रण मी जपूनही ठेवलं होतं.

आठ वर्षांनी नागपूरहून एसटीनं येत होतो. कोंढाळीला गाडी थांबली, शेजारी एक बाई येऊन बसल्या. त्यांनी मला ओळखलं, मी त्यांना नाही. "तुम्ही पेपरवाले ना?" म्हणाल्या. मग कारंजा येईपर्यंत हळू आवाजात सांगत राहिल्या. चिडल्या नव्हत्या. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

त्यांनी त्या रात्री डॉक्टरांना दोनदा फोन केला होता. पहिल्यांदा सांगितलं, "सर, थोडं ब्लिडिंग जास्त वाटतं, जरा बघता का?" सरांनी सलाईन लावायला सांगितलं, पोट चोळायला सांगितलं. अर्ध्या तासानं पुन्हा फोन. सर झोपेत होते, म्हणाले, "डॉक्टर तू आहे का मी?" तिसरा फोन करायची हिंमत झाली नाही. आधीच्या महिन्यात एका पेशंटच्या वेळी नातेवाइकांसमोर त्यांनी हिला वाट्टेल तसं बोलून घेतलं होतं. तो अपमान ताजा होता. शेवटी सर आले तेव्हा उशीर झालेला.

"मले आता वाटते भाऊ," त्या म्हणाल्या, "मी 'जरा बघता का' असं नव्हतं म्हणायचं. 'बाई मरते, सर, या' असं म्हणायचं होतं. पण आपल्या तोंडातून असं निघतच नाही ना जी सरांसमोर."

मी विचारलं, चौकशीत हे सांगितलं का? म्हणाल्या, लिहून दिलं. पण तेव्हा पेपरात सगळं आलेलं होतं. पेपरात आलं म्हणजे झालंच ते.

त्या डॉक्टरांबद्दलही बोलल्या. महिनाभर ते एकटेच होते. दुसरी जागा रिकामी. दिवसा ओपीडी, रात्री कॉल, मधे हायवेचे ॲक्सिडेंट, पोस्टमॉर्टेम. "तेही माणूसच होते, झोप नव्हती त्यायले." हे मी माझ्या बातमीत लिहिलं नव्हतं. कारण विचारलंच नव्हतं.

त्यानंतर मी वाचायला लागलो. तेव्हा कळलं की इंग्लंडमध्ये १९५२ पासून प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय चौकशी होते, कुणाचं नाव न घेता, शिक्षेसाठी नाही तर काय चुकलं हे कळण्यासाठी. आपल्याकडे केरळात डॉक्टरांच्या संघटनेनं २००४ पासून तसं सुरू केलं. देशपातळीवरही २०१० ला मातामृत्यू परीक्षणाच्या सूचना निघाल्या. म्हणजे माझ्या बातमीच्या आदल्या वर्षी! मला त्याचा पत्ता नव्हता. असता तर निदान विचारलं असतं की परीक्षण झालं का, त्यात रात्रपाळीच्या सिस्टरला बोलावलं का. हेही वाचलं की अमेरिकेच्या अणुपाणबुड्यांवरून एक साधी पद्धत तिथल्या दवाखान्यांत आली. वरिष्ठाला फोन केला की आधी आत्ता काय होतंय ते सांगायचं, मग पेशंटची मागची हकिगत, मग मला काय वाटतं, आणि शेवटी तुमच्याकडून मला काय हवंय. शेवटचे दोन भाग आपल्या सिस्टरच्या तोंडी कधीच येत नाहीत. "मला वाटतं" म्हणायचा तिला हक्क नाही, आणि "तुम्ही या" म्हणायचा तर नाहीच. आकडा सांगायचा, बीपी एवढं, नाडी एवढी, आणि गप्प राहायचं.

परवा आमच्या भागातल्या एका तरुण डॉक्टरशी यावर बोललो. तो म्हणाला, भाऊ, खरं सांगू? आम्हाला कॉलेजात पेशंटशी कसं बोलायचं ते आता थोडंफार शिकवतात. सिस्टरशी कसं बोलायचं ते कुणी शिकवत नाही. आम्ही सीनियर आमच्याशी जसं बोलला तसं बोलतो. आणि मग एक गोष्ट सांगितली. त्यानं आपल्या सिस्टरांना सांगून ठेवलंय की रात्री कितीही वाजता, चुकीच्या कारणानं का होईना, फोन करा, मी ओरडणार नाही. पहिल्या महिन्यात अकरा फोन आले. त्यातले नऊ उगाच होते. "उरलेले दोन?" मी विचारलं. तो नुसता हसला.

त्या बसमधल्या बाईंना मी म्हटलं होतं, मी दुरुस्ती छापून आणतो. संपादकांना विचारलं. आठ वर्षांनी कसली दुरुस्ती, म्हणाले, उगाच जुनं उकरू नका. त्यांचंही बरोबर असेल. म्हणून ती दुरुस्ती इथं लिहितो. २०११ मध्ये मी चार कॉलमात जे लिहिलं ते चूक होतं. त्या रात्री त्या सिस्टरनं दोनदा सांगितलं होतं.

ही पोस्ट टाकायच्या आधी त्यांना फोन करून वाचून दाखवली. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "चांगलं लिहिलं. पण सरांचं नाव लिहू नका, अन् माझंही नका लिहू. अजून सात महिने नोकरी आहे भाऊ."